मुंग्या, भोवंड, झाक आणि कानातला आवाज : कोणती तक्रार थांबू शकते आणि कोणती नाही

दारव्हा तालुक्यात काम करणाऱ्या एका आशाताईंचा प्रश्न आहे. त्यांच्या गावात हातापायांना मुंग्या येणे, भोवंड येणे, डोळ्यांपुढे झाक येणे आणि कानात सतत आवाज होणे या तक्रारी घरोघरी आहेत. बहुतेकांना ‘नसांची कमजोरी’ सांगून लाल रंगाचे इंजेक्शन आणि सलाइन दिले जाते. या तक्रारींमागे खरी कारणे कोणती असतात, आणि कोणत्या रुग्णाला त्याच दिवशी गाडीत बसवायला हवे, हे त्यांना जाणून घ्यायचे आहे. विदर्भाच्या ग्रामीण भागात अनेक वर्षे रुग्ण तपासल्यावर जे महत्त्वाचे वाटते ते येथे सविस्तर मांडतो.

मज्जासंस्था, डोळे आणि कान यांचे आजार शेकडो आहेत, पण रुग्णाच्या तोंडी तक्रारी मोजक्याच असतात. म्हणून तक्रारीच्या नावावरून निदान करायला गेले की फसगत होते. मुंग्या मधुमेहाने येतात, कुष्ठरोगाने येतात आणि फवारणीच्या विषबाधेनंतर दोन-तीन आठवड्यांनीही येतात. अंधुक दिसणे चष्म्याच्या नंबरामुळे असते तसे काचबिंदूमुळेही असते. माझ्या मते ‘काय होते’ यापेक्षा ‘हे सुरू कसे झाले’ हा प्रश्न आधी विचारावा. क्षणार्धात सुरू झालेली तक्रार बहुधा रक्तवाहिनीची असते. काही तासांत किंवा दिवसांत वाढत गेलेल्या तक्रारीमागे विष, जंतुसंसर्ग किंवा दाह असण्याचा संभव अधिक. महिनोन्‌महिने हळूहळू वाढलेली तक्रार मधुमेह, जीवनसत्त्वांची कमतरता, कुष्ठरोग, वाढते वय किंवा क्वचित एखादी गाठ यांच्याकडे बोट दाखवते. दुसरा प्रश्न, तक्रार एका बाजूला आहे की दोन्ही बाजूंना. तिसरा प्रश्न शहरातल्या दवाखान्यात हमखास राहून जातो : गेल्या महिनाभरात शेतात कोणते काम केले?

क्षणार्धात येणाऱ्या तक्रारींत पहिला क्रमांक पक्षाघाताचा, ज्याला आपल्याकडे लकवा मारला किंवा अंगावरून वारे गेले असे म्हणतात. तोंड एकीकडे ओढले जाते, एक हात किंवा पाय लुळा पडतो, जीभ जड होते, किंवा समोरचा काय बोलतो तेच कळेनासे होते. उच्च रक्तदाब, मधुमेह, तंबाखू आणि हृदयाच्या ठोक्यांतील अनियमितता ही त्याची नेहमीची कारणे आहेत. मेंदूतील रक्तवाहिनी गुठळीने बंद झाली आहे की फुटली आहे, हे सीटी स्कॅनशिवाय ठरवता येत नाही, आणि गुठळी विरघळवणारे इंजेक्शन लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आतच देता येते. सीटी स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयात पोहोचायलाच अनेक गावांतून दीड-दोन तास लागतात. त्यामुळे आधी मालिशवाल्याकडे किंवा लकव्याचे औषध देणाऱ्या गावाला जाऊन येण्यात जो अर्धा दिवस जातो, त्यात उपचाराची वेळ संपून जाते. वाटेत रुग्णाला पाणी, चहा किंवा गोळी देऊ नये, कारण गिळण्याची क्रिया बिघडलेली असल्यास ते फुप्फुसात जाते. हात लुळा पडला आणि पंधरा मिनिटांत पूर्ववत झाला, तरीही तो रुग्ण त्याच दिवशी पाठवावा, कारण मोठा झटका कधी कधी अशीच सूचना देऊन येतो. विदर्भात आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. दहा-बारा वर्षांच्या मुलाला लकवा झाला, तर प्रथम सिकलसेलचा विचार करावा. आपल्याकडे आदिवासी आणि इतर काही समाजांत हा आजार मोठ्या प्रमाणावर आढळतो, आणि विळ्याच्या आकाराच्या रक्तपेशी मेंदूच्या वाहिन्याही बंद करतात आणि डोळ्यांच्या पडद्यातल्याही.

केवळ तोंड वाकडे झाले आणि हातपाय शाबूत असले, तर तो बहुधा चेहऱ्याच्या नसेचा लकवा असतो. रुग्णाला भुवया वर करायला सांगावे. लुळ्या पडलेल्या बाजूचे कपाळ सपाट राहत असेल आणि डोळा मिटत नसेल, तर बिघाड चेहऱ्याच्या नसेत आहे. कपाळाला दोन्हीकडे आठ्या पडत असतील आणि फक्त तोंडाचा कोपरा ओढला जात असेल, तर मेंदूचा संशय धरावा. नसेच्या लकव्यात स्टेरॉइडच्या गोळ्या पहिल्या तीन दिवसांत सुरू झाल्यास बरे होण्याची शक्यता वाढते, परंतु त्या डॉक्टरांनी रक्तातील साखर पाहूनच द्याव्यात. न मिटणारा डोळा दिवसा थेंबांनी ओला ठेवणे आणि रात्री पट्टीने झाकणे तितकेच गरजेचे आहे, नाहीतर चेहरा सरळ होतो आणि बुबुळावर कायमचा डाग राहतो. असा लकवा कान वाहणाऱ्या रुग्णाला झाला, तर तो साधा समजू नये. त्याविषयी कानाच्या भागात लिहितो.

झटके किंवा मिरगी याविषयी थोडक्यात सांगतो. प्रसूतीच्या वेळी बाळ गुदमरणे, डोक्याला जुना मार, मेंदूज्वर, क्षयरोगाची किंवा पट्टकृमीची मेंदूतील गाठ आणि जुना पक्षाघात ही नेहमीची कारणे असतात. अनेकदा कारण सापडतही नाही. झटका चालू असताना रुग्णाला कुशीवर वळवावे, तोंडात चमचा घालू नये, चप्पल किंवा कांदा हुंगवू नये. पाच मिनिटांत झटका थांबला नाही, किंवा शुद्ध न येताच दुसरा आला, तर १०८ क्रमांकाची गाडी बोलवावी. बालकाला ताप, उलट्या, झटके आणि काही तासांतच बेशुद्धी असा क्रम दिसला, तर तो मेंदूज्वर समजून धावपळ करावी. वाळूमाशीने पसरणारा चांदीपुरा विषाणू 1965 मध्ये प्रथम नागपूरजवळच्या चांदीपुरा गावातील रुग्णांत सापडला आणि त्याचे नाव त्या गावावरूनच पडले. मातीच्या भिंतींच्या भेगांत राहणारी ही माशी पावसाळ्यात वाढते. पूर्वेकडील धानाच्या पट्ट्यात, म्हणजे भंडारा, गोंदिया आणि गडचिरोलीकडे, जपानी मेंदूज्वराचाही विचार करावा लागतो.

आता अशी एक तक्रार, जी ऐकायला डोळ्यांची असते पण असते सापाच्या विषाची. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोट दुखते म्हणून उठतो, थोड्या वेळाने त्याच्या पापण्या जड होऊन खाली येतात, एकाचे दोन दिसू लागतात आणि मग घोट गिळता येत नाही. हा मण्यार चावल्याचा प्रकार असतो. मण्यारचे दात इतके बारीक असतात की जखम दिसत नाही, सूज येत नाही आणि बऱ्याचदा दुखतही नाही, त्यामुळे घरच्यांच्या ध्यानीमनीही साप नसतो. तिचे विष नस आणि स्नायू यांच्या सांध्यावर काम करते; पापण्यांचे आणि डोळा फिरवणारे स्नायू आधी थकतात, शेवटी श्वासाचे. पापण्या उतरलेल्या दिसल्या की डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न जाता सर्पदंशाची लस आणि कृत्रिम श्वासाची सोय असलेल्या रुग्णालयात जावे, आणि वाटेत कोणत्याही देवस्थानी थांबू नये.

फवारणीविषयी थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे. 2017 च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना झालेल्या विषबाधेने अनेक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, हे जिल्ह्यात कोणीही विसरलेले नाही. त्या वर्षी कपाशी माणसाच्या डोक्याएवढी वाढली होती, आणि पंपाचा फवारा तोंडावर, डोळ्यांत व श्वासात जात होता. ऑरगॅनोफॉस्फरस गटातील औषधे, उदाहरणार्थ मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस किंवा क्लोरपायरीफॉस, नसांचा संदेश वेळेवर थांबवणारे विकर (एन्झाइम) निकामी करतात. परिणामी संदेश चालूच राहतो, आणि बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होते, नजर अंधुक होते, लाळ आणि घाम सुटतो, छातीत कफ दाटतो, उलटी-जुलाब होतात, पापण्यांचे व दंडाचे मांस थरथरते. फवारणीनंतर ‘डोळ्यांपुढे अंधारी येते, डोके जड झाले’ एवढेच सांगणाऱ्या माणसाच्या बाहुल्या बॅटरीच्या उजेडात पाहाव्यात. उन्हाने भोवंड आलेल्या माणसाच्या बाहुल्या इतक्या बारीक होत नाहीत. अंगावरचे कपडे ताबडतोब काढावेत, साबणाने केसांसकट अंघोळ घालावी आणि मग हलवावे. ओला सदरा तसाच अंगावर ठेवून रुग्ण पाठवला, तर विष वाटेतही शोषले जात राहते.

या विषबाधेचे आणखी दोन टप्पे आहेत आणि ते दोन्ही गावातच गाठतात. पहिल्या दिवशीची लक्षणे ओसरल्यावर एक ते चार दिवसांत काही रुग्णांना मान उचलता येईनाशी होते. उशीवरून डोके वर उचलायला सांगितले आणि ते जमले नाही, तर पुढच्या काही तासांत श्वास थकण्याची भीती असते, म्हणून ‘आता बरे वाटते’ असे सांगून दुसऱ्याच दिवशी सुट्टी मागू नये. दुसरा टप्पा दोन-तीन आठवड्यांनी येतो. पोटऱ्या दुखतात, तळव्यांना मुंग्या येतात आणि मग चालताना पाऊल घसटते. तोवर फवारणीचा विषयच घरातून गेलेला असतो, म्हणून या तक्रारीची नोंद ‘कमजोरी’ म्हणून होते. यावर इंजेक्शनांचा उपयोग फारसा नाही. व्यायाम, पावलाला आधार देणारी पट्टी आणि बराच धीर लागतो.

हळूहळू आलेल्या मुंग्यांकडे वळतो. दोन्ही पायांच्या तळव्यांपासून सुरू होऊन मोज्याच्या आकारात वर सरकणारी जळजळ, रात्री वाढणारी, ही बहुतेक वेळा मधुमेहाची असते. अनेकांचा मधुमेह तर पायांच्या जखमेवरूनच प्रथम सापडतो. त्याच्या खालोखाल बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, जी शाकाहारी आणि वर्षानुवर्षे मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी घेणाऱ्या रुग्णांत दिसते, आणि नेमाने दारू पिणाऱ्यांचा मज्जातंतुविकार. बी-१२ कमी असेल तर लाल इंजेक्शन योग्यच आहे. माझा आक्षेप आहे तो तपासणी न करता सर्वांना तेच देण्याला, कारण त्यात मधुमेह आणि कुष्ठरोग दोन्ही मागे राहतात. रात्री हात बधिर होऊन झोपमोड होते, हात झटकला की बरे वाटते आणि करंगळी मात्र शाबूत असते, ही तक्रार मनगटातील नस दबल्याची असून कापूस वेचणाऱ्या, निंदण करणाऱ्या आणि गरोदर स्त्रियांत ती नेहमी आढळते.

कुष्ठरोग संपला, अशी समजूत सुशिक्षितांतही रुजली आहे. ज्या विदर्भात कुष्ठरुग्णांसाठी 1936 मध्ये वर्ध्याजवळ दत्तपूरची संस्था उभी राहिली आणि 1949 मध्ये वरोऱ्याला आनंदवन, त्याच विदर्भातील चंद्रपूर-गडचिरोलीच्या पट्ट्यात आजही नवे रुग्ण सापडतात. हा आजार मुळात नसांचा आहे. कातडीवरचा फिकट किंवा लालसर चट्टा ही त्याची बाहेरची खूण. चट्टा खाजत नाही, दुखत नाही, त्यावर घाम येत नाही आणि डोळे मिटून कापसाच्या टोकाने स्पर्श केला तर रुग्णाला कळत नाही. तपासताना कोपर वाकवून त्याच्या आतल्या बाजूच्या खाचेत बोट फिरवावे. निरोगी माणसात तेथे मऊ नस लागते. कुष्ठरोगात ती सुतळीसारखी जाड आणि दाबल्यावर दुखरी लागते. मग करंगळी बाजूला नेता येते का ते पाहावे, कागद दोन बोटांत धरता येतो का ते पाहावे. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, हाडाच्या गोल डोक्याखाली, अशीच दुसरी नस असते. ती बिघडली की चालताना पंजा उचलता येत नाही आणि चप्पल न कळत निसटून जाते. चप्पल कधी निघाली हे कळलेच नाही, असे सांगणारा रुग्ण बसला तर मी बाकीची तपासणी थांबवून आधी चट्टा शोधतो.

औषध सहा महिने किंवा बारा महिने घ्यावे लागते आणि ते शासकीय केंद्रावर विनामूल्य मिळते. उपचार चालू असताना किंवा संपल्यावरही एखाद्या नसेत एकाएकी ठणका लागून काही दिवसांतच हात किंवा डोळ्याची पापणी कमजोर होऊ शकते. याला औषध लागू पडले नाही असे समजून गोळ्या बंद करणे ही मोठी चूक ठरते, कारण ही शरीराची प्रतिक्रिया असते आणि ती स्टेरॉइडने आवरावी लागते. सहा महिन्यांच्या आत उपचार झाला तर गेलेली ताकद बऱ्याच प्रमाणात परत येते, पुढे ती आशा उरत नाही. डोळ्याचे नुकसान दुहेरी असते. पापणी मिटत नाही आणि बुबुळाची संवेदनाही जाते, त्यामुळे कचरा गेला तरी रुग्ण डोळा चोळत नाही, आणि लालसर डोळ्याविषयी त्याची तक्रारच नसते.

दोन्ही पाय ताठ होऊन चवड्यांवर चालणे आणि चालताना गुडघे एकमेकांवर घासणे, पण स्पर्श मात्र शाबूत असणे, हे चित्र पूर्वी दुष्काळात लाखोळीची डाळ महिनोन्‌महिने मुख्य अन्न म्हणून खाणाऱ्यांत दिसे. आता ते विरळा आहे. मात्र आलेला ताठपणा परत जात नाही. चंद्रपूर आणि यवतमाळ जिल्ह्यांतील ज्या गावांच्या बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे, तेथे पाठ आणि मान लाकडासारखी ताठ होत जाऊन पुढे वाढलेले हाड मज्जारज्जूवर दाब आणू शकते. पिण्याच्या पाण्यात फ्लोराइड लिटरला दीड मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावे, हे प्रमाण लक्षात ठेवावे आणि गावच्या पाण्याचा तपासणी अहवाल ग्रामपंचायतीकडून मागून घ्यावा.

डोळ्यांकडे येतो. म्हातारपणी हळूहळू, न दुखता, दोन्ही डोळ्यांना कमी दिसू लागले तर बहुधा मोतीबिंदू असतो आणि त्याची शस्त्रक्रिया नजर सुधारणारी आहे. मोतीबिंदू ‘पिकू द्यावा’ हा सल्ला मात्र कालबाह्य झाला आहे. अति पिकलेला मोतीबिंदू फुगून डोळ्यातील दाब वाढवतो आणि मग नजर परत येत नाही. काचबिंदू वेगळा. त्यात दृष्टीची कड चोरपावलांनी जाते, समोरचे शेवटपर्यंत दिसते, आणि गेलेली नजर कोणत्याही उपायाने परत येत नाही. घरात कोणाला काचबिंदू असेल, किंवा वय चाळिशीपुढे असेल, तर डोळ्याचा दाब मोजून घ्यावा. त्याचाच दुसरा प्रकार अचानक येतो. डोळा लाल आणि दगडासारखा कडक होतो, दिव्याभोवती रंगीत वलये दिसतात, अर्धे डोके फुटते आणि उलट्या होतात. उलट्यांमुळे हा रुग्ण पित्त किंवा अर्धशिशी म्हणून आम्लपित्ताच्या गोळ्या घेत बसतो. एका डोळ्याची नजर कमी झालेली आणि डोळा लाल असलेली अर्धशिशी ही अर्धशिशी नसते.

आपल्या भागातला खरा शेतकरी आजार म्हणजे बुबुळावरचा व्रण, ज्याचा डाग राहिला की ‘डोळ्यात फूल पडले’ म्हणतात. सोयाबीनच्या सोंगणीत शेंगेचे टोक लागते, तुरीचे खुंट गोळा करताना काडी लागते, मळणीयंत्रासमोर भुसा उडतो. कातडे फाटावे तसे बुबुळाचे वरचे आवरण खरचटते आणि त्यात बुरशी रुजते. पहिले दोन-तीन दिवस नुसती टोचणी असते, मग पाणी, लाली, उजेड सहन न होणे आणि काळ्या भागावर पांढरा ठिपका. या टप्प्यावर दोन गोष्टी डोळा घालवतात. एक म्हणजे गावातील कचरा काढणाऱ्याकडून जिभेने किंवा पदराच्या टोकाने कचरा काढून घेणे, किंवा डोळ्यात दूध, मध, एरंडेल टाकणे. दुसरी अधिक घातक म्हणजे औषधाच्या दुकानातून मागून घेतलेले स्टेरॉइडमिश्रित थेंब. पहिल्या दिवशी त्यांनी लाली कमी होते, म्हणून त्यांच्यावर विश्वास बसतो, आणि आठवड्याभरात बुरशी बुबुळ पोखरून आत उतरते. बुरशीवर नॅटामायसिनचे थेंब तासातासाला, कित्येक आठवडे घालावे लागतात. काळ्या भागावर पांढरा ठिपका दिसला की पट्टी न बांधता, कोणतेही थेंब न घालता, दुसऱ्या दिवसाच्या आत नेत्रतज्ज्ञांकडे पाठवावे.

खर्रा, म्हणजे तंबाखू, सुपारी आणि चुना यांचे मिश्रण, घोटणाऱ्या घरात आणखी एक धोका असतो. चुन्याची ट्यूब किंवा पुडी मुलाच्या हाती लागते, ते ती दोन्ही हातांनी दाबते आणि चुना थेट डोळ्यात उडतो. चुना क्षारी असल्याने आम्लापेक्षा खोल उतरतो, आणि पापणीआड अडकलेला खडा पुढेही जाळत राहतो. पाणी कोणतेही, विहिरीचे असले तरी चालेल, पण त्या क्षणी घालावे. मुलाला आडवे करून, पापण्या बोटांनी ताणून, अर्धा तास धार सोडावी, वरची पापणी उलटवून पांढरे कण ओल्या कापसाने काढावेत, आणि त्यानंतरच गाडी शोधावी. गाडी येईपर्यंतही धार चालू ठेवावी. चुन्याने पांढरे झालेले बुबुळ पुढे किती साफ होईल, हे पहिल्या दहा मिनिटांवर अवलंबून असते.

बाकीचे थोडक्यात. डोळे येणे हे दोन्ही डोळ्यांत चिपडांसह असते, नजर कमी होत नाही आणि आठवड्यात निवळते; नजर कमी झाली तर ते ‘डोळे येणे’ नव्हे. डोळ्यापुढे ठिणग्या उडणे, काळे ठिपके तरंगणे आणि एका बाजूने पडदा ओढल्यासारखे वाटणे म्हणजे आतील पडदा सुटत असतो, आणि ते काम त्याच दिवसाचे आहे. मधुमेह्याचा पडदा खराब होतो तेव्हा सुरुवातीला काहीच जाणवत नाही, म्हणून दरवर्षी बाहुली मोठी करून पडदा तपासावा. मेळघाटसारख्या भागात संध्याकाळी ठेचाळणारे मूल दिसले तर रातांधळेपणाचा संशय धरावा. नवव्या महिन्यापासून पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी मिळणारा अ जीवनसत्त्वाचा डोस चुकलेला असतो किंवा गोवर झालेली असते. गावठी दारू प्यायल्यावर काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी सर्वत्र पांढरे धुके दिसणे, उलट्या होणे आणि श्वास जोराने चालणे ही मिथेनॉलची विषबाधा असते; रुग्ण लाजेने दारूची गोष्ट लपवतो, म्हणून ते एकांतात विचारावे.

कानांच्या तक्रारींत सर्वांत दुर्लक्षित म्हणजे मुलांचे कान वाहणे. सर्दीतील जंतू घशाच्या नळीतून मधल्या कानात जातात, पू साठतो, पडदा फुटतो आणि ठणका थांबतो; ठणका थांबला म्हणून घरचे निश्चिंत होतात. पातळ, तारेसारखा, वास नसलेला स्राव बहुतेक वेळा औषधाने आणि कान कोरडा ठेवण्याने आटोक्यात येतो. अंघोळीच्या वेळी कापसाला व्हॅसलीन लावून कान बंद करावा आणि नाल्यात पोहू देऊ नये. याउलट थोडा, घाण वासाचा, कधी रक्ताचा अंश असलेला स्राव हाड कुरतडणाऱ्या प्रकाराचा असतो. हे कुरतडणे चेहऱ्याच्या नसेपर्यंत पोहोचले की तोंड वाकडे होते, तोलाच्या नळ्यांपर्यंत पोहोचले की भोवंड येते, आणि मेंदूपर्यंत पोहोचले की ताप, डोकेदुखी आणि गळू. अशा कानाला शस्त्रक्रियाच लागते. कानात लसूण घालून कढवलेले तेल टाकण्याची आपली सवय ओल्या कानात बुरशीला आमंत्रण देते. तेल उपयोगी पडते ते फक्त एका ठिकाणी : जिवंत किडा कानात शिरल्यास, आणि तेही कान वाहत नसेल तर. मुलाने कानात तुरीचा किंवा हरभऱ्याचा दाणा घातला असेल तर पाणी अजिबात टाकू नये, कारण दाणा फुगून नळीत घट्ट बसतो.

भोवंड किंवा चक्कर याविषयी ग्रामीण दवाखान्यांत ‘मानेचे मणके घासले’ हे उत्तर इतके रूढ झाले आहे की क्ष-किरणचित्रात चाळिशीपुढच्या अनेकांचे मणके घासलेले दिसतात, याचा विसर पडतो. अंथरुणात कूस बदलताना किंवा वर फळीकडे पाहताना घर फिरते आणि मिनिटाच्या आत थांबते, ही आतल्या कानातील सूक्ष्म खडे जागचे हलल्याची चक्कर असते. ती औषधापेक्षा डोके ठरावीक रीतीने वळवण्याच्या कृतीने बरी होते. अर्धा तास ते काही तास टिकणारी, कान भरल्यासारखा वाटून त्यात आवाज आणणारी आणि ऐकणे कमी करणारी चक्कर आतल्या कानातील द्रव वाढल्याची. उभे राहताच क्षणभर अंधारी येणे ही बहुतेकदा रक्त कमी असण्याची, पाणी कमी पडल्याची किंवा रक्तदाबाच्या गोळीची करामत असते. चक्कर येत असताना एकाचे दोन दिसणे, बोबडी वळणे, किंवा आधार देऊनही उभे राहता न येणे, यांपैकी एक जरी दिसले तरी ती कानाची नसून मेंदूची समजावी, आणि तिला पक्षाघाताचाच नियम लावावा.

कानातला आवाज बहुधा ऐकणे कमी होत असल्याची खूण असतो. मळणीयंत्र, ट्रॅक्टर आणि वरातीतील डीजे यांच्या आवाजाने आतील केसपेशी मरतात आणि त्या पुन्हा उगवत नाहीत. क्षयरोगासाठी पूर्वी दिली जाणारी स्ट्रेप्टोमायसिनची आणि आजही क्वचित दिली जाणारी अमिकासिनची इंजेक्शने हेच करू शकतात. ती चालू असताना कानात आवाज सुरू झाला तर लगेच डॉक्टरांना कळवावे. एका रात्रीत एक कान बंद झाला आणि दुर्बिणीतून पाहता मळ नसला, तर ती नसेची तातडी आहे; उपचार पहिल्या काही दिवसांत सुरू झाला तर लाभ होतो, महिन्याने आलेल्या रुग्णासाठी फारसे करता येत नाही. नवजात बाळ थाळीच्या आवाजाने दचकत नसेल, किंवा वर्षाचे मूल ‘मामा’, ‘बाबा’ म्हणत नसेल, तर ‘मुलगे उशिरा बोलतात’ म्हणून थांबू नये. जन्मतः तीव्र कावीळ झालेली बाळे, कमी वजनाची बाळे आणि नात्यात लग्न झालेल्या घरांतील बाळे यांच्याकडे अधिक लक्ष द्यावे. अंगणवाडीत येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाला अशी नावे आधीच द्यावीत, कारण ऐकू न येणाऱ्या मुलाला यंत्र किंवा शस्त्रक्रियेने कानात बसवायचे कॉक्लिअर इम्प्लांट जितक्या लवकर मिळते तितकी त्याची वाचा सुधारते.

ताई, रुग्ण पुढे पाठवताना चिठ्ठीवर रोगाचे नाव लिहिण्याची गरज नाही. लक्षण कोणत्या दिवशी, किती वाजता सुरू झाले, आधी कोणत्या बाजूला होते, रुग्ण शेवटचा धडधाकट कोणी आणि केव्हा पाहिला, एवढे लिहावे. फवारणी केली असल्यास औषधाचा डबा किंवा त्याच्या लेबलचा मोबाइलवर काढलेला फोटो, रुग्ण घेत असलेल्या गोळ्यांचे रिकामे पत्ते आणि डोळ्यात घातलेल्या थेंबांची कुपी पिशवीत टाकून द्यावी. शिधापत्रिका आणि आधार कार्डही त्याच पिशवीत ठेवावे, म्हणजे महात्मा फुले जन आरोग्य योजनेच्या खिडकीवर परत पाठवले जाणार नाही.